आईच्या गुडघ्यातली गादी

मागच्या पावसाळ्यात आईच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म प्रकाशासमोर धरली, "गादी झिजली आहे" एवढे एकच वाक्य सांगितले आणि गोळ्या लिहून दिल्या. बाहेर रुग्णांची मोठी रांग होती, त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ उलगडून सांगायला त्यांना वेळ नव्हता, हे मी समजू शकते. मात्र त्या एका शब्दाने पुढच्या दोन महिन्यांत आमच्या घरात जे घडले, ते मला फार लागले. आईने सकाळचे फिरणे सोडले, परसातल्या विहिरीपर्यंत जाणे सोडले, आणि कारण विचारल्यावर म्हणाली, "गादी संपत इली हा, उरलीसुरली जपूक व्हयी." गादी वापरली की दबते, चपटी होते, तिच्यातला कापूस विरतो, म्हणून ती कमी वापरावी, हा तिचा हिशेब तिला मिळालेल्या शब्दाला धरूनच होता. तर्क बरोबर असूनही निष्कर्ष चुकला, कारण तिच्या हाती दिलेला शब्दच अपुरा होता.

मी गेली अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. संयोजी ऊतींच्या पाठात कूर्चेच्या, म्हणजे आईच्या या गादीच्या, वाट्याला एखादे पान येते. तीन प्रकार, प्रत्येकाची दोन उदाहरणे आणि एक आकृती एवढ्यावर तो विषय संपतो. आईच्या गुडघ्यामुळे मी त्या एका पानाकडे पुन्हा परतले, तेव्हा या ऊतीबद्दल आपण मुलांना किती कमी सांगतो याची मला जाणीव झाली. जे वर्गात सांगायचे राहून गेले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी नावाविषयी. शालेय पुस्तकांत तिला कास्थी म्हणतात, वैद्यकीय मराठी लेखनात कूर्चा हा शब्द आढळतो, दवाखान्यात कार्टिलेज, घरात गादी आणि मटणाच्या ताटात कुरकुरीत हाड. मला स्वतःला यांपेक्षा जुना असलेला एक शब्द सर्वांत नेमका वाटतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार दिले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यांपैकी तरुण अस्थी नाक, कान, मान आणि डोळ्यांच्या खोबणीत असतात, असे तेथे म्हटले आहे. नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी वळवून पाहणाऱ्या माणसाला ही हाडाच्याच जातीची, पण अजून हाड न झालेली वस्तू आहे असे वाटले असणार. सुश्रुताने हाडांची संख्या ३०० धरली आहे आणि आजच्या गणनेनुसार प्रौढ माणसात ती २०६ आहे; या फरकामागे दात आणि तरुणास्थी यांचीही गणना हाडांत करणे हे एक मोठे कारण आहे.

तरुण हे विशेषण गर्भाच्या बाबतीत तर शब्दशः खरे ठरते. कवटीचे छत, चेहऱ्याची काही हाडे आणि गळ्याजवळचे हासळीचे हाड यांसारखे अपवाद सोडले, तर आपला बहुतेक सांगाडा प्रथम कूर्चेचा बनतो. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात मांडीच्या हाडाच्या जागी मांडीच्याच आकाराचा कूर्चेचा एक इवलासा साचा असतो, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्या मध्यभागी हाड तयार होण्यास सुरुवात होते. तेथील कूर्चापेशी फुगतात, त्यांच्या भोवतीच्या पदार्थात कॅल्शियमचे क्षार साठतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पेशी जुन्या साच्याच्या अवशेषांवर हाड रचत जातात. कूर्चेचे हाडात रूपांतर होते असे आपण सहज बोलून जातो, परंतु बऱ्याच अंशी कूर्चा मागे हटते आणि तिच्या जागी हाड उभे राहते, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे.

हे काम जन्मानंतरही चालूच राहते. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ पट्टी शिल्लक असते. तिच्यात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रांगेत रचलेल्या दिसतात. एका बाजूला नव्या पेशी तयार होतात आणि दुसऱ्या बाजूला हाड पुढे सरकत येते. मुलाची उंची वाढते ती या पट्टीतल्या शर्यतीमुळे. पौगंडावस्थेतील संप्रेरकांच्या प्रभावाने, मुलींमध्ये साधारण १४-१५ आणि मुलग्यांमध्ये १६-१७ व्या वर्षांच्या सुमारास, गुडघ्याजवळच्या पट्ट्या हाडाने भरून जातात आणि उंची थांबते. वय ठरवण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढतात, तो याच पट्ट्या उघड्या आहेत की मिटल्या आहेत हे पाहण्यासाठी. उंची वाढवण्याची औषधे प्रौढांना विकणाऱ्या जाहिराती दिसल्या की मला मनापासून वाईट वाटते, कारण मिटलेली पट्टी कोणत्याही भुकटीने पुन्हा उघडत नाही.

सगळेच प्राणी कूर्चा मागे टाकून हाडाकडे जात नाहीत. माझे माहेर मालवणजवळचे. तेथे लहान शार्क माशाला मोरी किंवा मुशी म्हणतात, आणि तिचे सार लहान मुलांना निर्धास्तपणे वाढतात, कारण तिच्यात बांगड्यासारखे काटे नसतात. मोरी आणि पाखट (चपटा रे मासा) या दोघांचा सांगाडा आयुष्यभर कूर्चेचाच राहतो. त्यांच्या मणक्यांत आणि जबड्यांत क्षार साठून तो कडक होतो, पण खरे हाड तेथे तयार होत नाही. बाजारातून मोरी आणलीत, तर शिजण्यापूर्वी तिचा एक मणका नखाने दाबून आणि सुरीने कापून पाहा. या लेखातील बरेचसे वर्णन हाताला कळेल.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे कूर्चा आतून कशी असते याकडे येते. कूर्चेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की पेशी फार थोड्या दिसतात आणि त्यांच्यामधली मोकळी वाटणारी जागा फार मोठी दिसते. प्रौढ माणसाच्या सांध्यातील कूर्चेत पेशींचा वाटा एकूण घनफळाच्या जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येक पेशी आपल्या छोट्याशा पोकळीत बसलेली असते. काही पोकळ्यांत दोन किंवा चार पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्या एकाच पेशीच्या विभाजनातून झालेल्या असतात, आणि भोवतीचा पदार्थ घट्ट असल्यामुळे त्यांना एकमेकींपासून फार दूर जाता आलेले नसते. ही सारी भोवतालची सामग्री त्या पेशींनीच तयार केलेली असते, आणि तीच कूर्चेचे खरे अंग आहे.

सांध्यातील कूर्चेच्या ओल्या वजनापैकी ६५ ते ८० टक्के पाणी असते. एवढे पाणी असलेली वस्तू शरीराचे वजन पेलते, हे प्रथम ऐकल्यावर विद्यार्थ्यांना पटत नाही. त्याचे उत्तर उरलेल्या दोन घटकांत आहे. पहिला घटक म्हणजे कोलॅजन या प्रथिनाचे, मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचे, बारीक तंतू. त्यांचे जाळे ताणाला दाद देत नाही. दुसरा घटक म्हणजे ॲग्रेकन नावाचे प्रचंड रेणू. बाटली धुण्याच्या ब्रशसारखी त्यांची रचना असते: मध्ये प्रथिनाची काडी आणि तिच्यावर शर्करेच्या साखळ्यांचे दाट केस. असे अनेक ब्रश हायलुरोनन नावाच्या आणखी लांब साखळीला जोडलेले असतात. त्या केसांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, सोडियमचे धन आयन ओढून घेतात आणि आयनांच्या मागोमाग पाणी येते. मोकळे सोडले तर हे रेणू पाणी पिऊन खूप फुगले असते, पण कोलॅजनचे जाळे त्यांना तेवढे फुगू देत नाही.

हे समजावण्यासाठी मी वर्गात मटकीचे उदाहरण देते. कोरडी मटकी फडक्यात अगदी घट्ट बांधून ती पुरचुंडी पाण्यात ठेवली, की काही तासांनी ती दगडासारखी कडक होते. मटकी फुगू पाहते, फडके तिला अडवते, आणि त्या दोघांच्या ओढाताणीतून कडकपणा येतो. सुटी मटकी मऊ आहे आणि सुटे फडकेही मऊ आहे. कूर्चेचा ताठपणा असाच आहे, आणि तिच्या आजाराची सुरुवातही येथेच होते; फडके उसवले तर आतली मटकी कितीही चांगली असली तरी पुरचुंडी ढिली पडते.

आपण पाय टेकवतो तेव्हा काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. भार अचानक आला की आतल्या पाण्याला जाळ्याच्या सूक्ष्म फटींतून चटकन निसटता येत नाही, त्यामुळे त्या क्षणी बहुतेक भार पाण्याचा दाबच पेलतो आणि तंतूंच्या वाट्याला थोडाच येतो. भार तसाच राहिला तर पाणी हळूहळू बाहेर झिरपते आणि कूर्चा थोडी दबते. पाय उचलला की ते पुन्हा आत शोषले जाते. याच झिरपलेल्या पाण्याचा आणि सांध्यातील द्रवात असलेल्या वंगणकारक रेणूंचा असा काही मेळ जमतो, की निरोगी सांध्यातील घर्षण बर्फावर बर्फ सरकताना होणाऱ्या घर्षणापेक्षाही कमी असते. हे सर्व साधारण २ ते ४ मिलिमीटर जाडीच्या थरात घडते. गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला तो याहूनही जाड असतो, कारण बसता-उठता त्या वाटीवर येणारा दाब फार मोठा आहे.

या थराच्या आतही तंतूंची मांडणी सर्वत्र सारखी नसते. पृष्ठभागाजवळ ते पृष्ठभागाला समांतर, दाट आणि घसरणीला तोंड देणारे असतात. मध्ये ते तिरपे होतात. आणि तळाशी उभे होऊन क्षार साठलेल्या कूर्चेच्या एका पातळ थरामार्फत हाडात रोवले जातात. १९२५ साली बेनिंगहॉफ या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने या तंतूंची तुलना कमानींशी केली होती, आणि वाड्यातल्या दगडी कमानीखाली उभे राहिलेल्या कोणालाही ती पटावी.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत आणि लसीकावाहिन्याही नाहीत. परीक्षेत मुले हे वाक्य बिनचूक लिहितात, परंतु त्याचे परिणाम फार दूरवर पोहोचतात. रक्त नाही, म्हणून पोषण झिरपत यावे लागते. सांध्यात ते मुख्यतः सांध्यातील द्रवातून येते, आणि पाणी दाबले जाणे व परत शोषले जाणे हा त्याचा एक मार्ग असतो. आतल्या पेशी फार कमी ऑक्सिजनवर जगतात आणि ऊर्जेसाठी प्रामुख्याने ऑक्सिजनविरहित मार्ग वापरतात. मज्जातंतू नाहीत, म्हणून कूर्चेला चीर पडली तरी ती स्वतः दुखत नाही. आणि जखम भरून येण्याची जी नेहमीची वाट आहे, म्हणजे रक्त येणे, गोठणे, पेशी धावून येणे, तीच येथे बंद असते.

एवढे समजले, की प्रकारांकडे वळता येते. आतापर्यंत जिचे वर्णन केले ती हायलाइन कूर्चा. ताजी असताना निळसर पांढरी आणि काचेसारखी दिसते, म्हणून काचेच्या ग्रीक शब्दावरून तिला हे नाव पडले. सांधे, नाकाचा मधला पडदा, फासळ्यांची पुढची टोके, स्वरयंत्राचे मोठे भाग आणि श्वासनलिका येथे ती असते. श्वासनलिकेत १६ ते २० अर्धवट कड्या असतात. त्यांची तोंडे मागच्या बाजूला उघडी असतात आणि तेथेच अन्ननलिका टेकलेली असते. श्वास ओढताना नळी मिटू नये एवढे काम त्या कड्या करतात. श्वसनमार्गातील एकच कूर्चा पूर्ण अंगठीसारखी आहे, ती म्हणजे स्वरयंत्राच्या तळाशी असलेली क्रिकॉइड. फासळ्यांच्या टोकांवरची कूर्चा छातीला श्वासागणिक हलू देते, आणि वयानुसार तिच्यात क्षार साठले की छाती थोडी ताठर होते.

फासळीची ही कूर्चा शल्यविशारदांच्याही उपयोगी पडते. जन्मतः कान नीट न झालेल्या मुलांसाठी तिच्यातून कानाची चौकट कोरतात, तसेच बसलेल्या नाकाला तिचा आधार देतात. येथे पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानावर पुण्यात कपाळाच्या कातडीने नाक बसवण्यात आले, आणि त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आला. युरोपातील नासिकारोपणाला त्यातून नवी चालना मिळाली. त्या पद्धतीचे सारे कौशल्य कातडीचे होते. आतून कूर्चेची चौकट उभारण्याची कला नंतरच्या काळातली आहे.

दुसरा प्रकार लवचीक कूर्चा. हिच्यात कोलॅजनबरोबर इलॅस्टिनच्या तंतूंचे दाट जाळे असते, त्यामुळे ती किंचित पिवळसर दिसते आणि वाकवून सोडली की मूळ आकारावर येते. गिळताना श्वासमार्गावर झुकणारे स्वरयंत्राचे झाकण, कान आणि घसा यांना जोडणाऱ्या नळीचा काही भाग आणि बाह्यकर्ण हे तिचे प्रांत. कानाचा खालचा लोंबता भाग मात्र कूर्चेचा नाही. तेथे चरबी आणि त्वचा असते, रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून बाळाचे कान टोचल्यावर छिद्र लवकर भरून सुकते. बुगडी आणि भिकबाळी यांचे तसे नाही. हे दागिने कानाच्या वरच्या काठावर घालतात, आणि तेथे सुई थेट कूर्चेतून जाते. अशा छिद्राला बरे होण्यास कित्येक महिने लागू शकतात, आणि संसर्ग झाला तर रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत औषध पोहोचणेही कठीण होते. हल्ली बुगडीची हौस पुन्हा आली आहे आणि मला ती आवडतेही, पण टोचण्याचे काम निर्जंतुक सुईने व्हावे, आणि सूज किंवा लाली दिसताच डॉक्टरांकडे जावे, एवढे माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला मी आवर्जून सांगते.

पैलवानांचे कान हे याच गोष्टीचे दुसरे उदाहरण. कोल्हापूरच्या तालमींत जुन्या मल्लांचे कान सुजून आक्रसल्यासारखे, गाठाळ झालेले दिसतात. सांध्याबाहेरच्या कूर्चेवर परिकूर्चा नावाचे एक पातळ आवरण असते आणि त्यात रक्तवाहिन्या असतात. कानाच्या कूर्चेला अन्न तेथून झिरपते. कुस्तीत कान रगडला गेला की हे आवरण कूर्चेपासून सुटते आणि मध्ये रक्त साठते. अन्न तुटल्यामुळे कूर्चा मरू लागते, आणि आवरणाखाली नवी, वेडीवाकडी, तंतुमय सामग्री तयार होते. साठलेले रक्त वेळीच काढून कान दाबून बांधला तर आकार वाचतो. आखाड्यात त्या कानाला अनुभवाची खूण म्हणून मान आहे, आणि त्या मानाचा मी आदर करते. तरीही शिकाऊ मुलाचा कान सुजला तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे असे मला वाटते.

तिसरा प्रकार तंतुमय कूर्चेचा. हिच्यात पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचे जाड जुडगे असतात, ओढ आणि दाब दोन्ही सहन करण्याची ताकद असते, आणि बाहेरून परिकूर्चा नसते. गुडघ्यात हायलाइन कूर्चेच्या दोन पृष्ठभागांमध्ये या कूर्चेच्या दोन चकत्या असतात. आतल्या बाजूची इंग्रजी सी अक्षरासारखी आणि बाहेरची जवळजवळ गोल. त्यांना मेनिस्कस म्हणतात, आणि खेळाडूंच्या बातम्यांत जे फाटते ते हेच. या चकत्या निरुपयोगी समजून पूर्वी सरसकट काढून टाकल्या जात. १९४८ साली फेअरबँक यांनी चकती काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे होत जाणारे बदल नोंदवले, आणि भार पसरवण्याचे त्यांचे काम हळूहळू मान्य झाले. चकतीच्या बाहेरच्या काठाला थोडा रक्तपुरवठा असतो, म्हणून तेथली फाट शिवून जुळू शकते. आतल्या काठाची सहसा जुळत नाही.

मणक्यांमधल्या चकत्याही याच कुळातल्या. अशा २३ चकत्या असतात आणि कण्याच्या लांबीचा साधारण चौथा हिस्सा त्यांचा असतो. बाहेर तंतुमय कूर्चेची एकात एक बसलेली वलये आणि आत पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा गाभा. दिवसभर उभे राहून, बसून त्यांतले पाणी थोडे बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत येते. त्यामुळे सकाळी उठल्यावर आपली उंची रात्रीपेक्षा साधारण एक सेंटीमीटर अधिक भरते. "मणक्यातली गादी सरकली" असे आपण म्हणतो, परंतु ती उशीसारखी घसरून बाहेर येत नाही. ती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. बाहेरचे वलय चिरते आणि आतला गाभा त्या चिरेतून फुगवटा काढतो किंवा बाहेर येतो, आणि जवळच्या मज्जातंतूला त्रास देतो. येथेही गादी या शब्दाने घोटाळा केलाच आहे.

पुन्हा गुडघ्याकडे येते. लंडनचे शल्यविशारद विल्यम हंटर यांनी १७४३ साली सांध्यांच्या कूर्चेवर निबंध लिहिला आणि तिला व्रण झाला तर तो अत्यंत चिवट असतो, एकदा नष्ट झालेली कूर्चा परत मिळत नाही, असे त्यात सांगितले. या मताला पुढची अडीच शतके फारसा धक्का बसला नाही. कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडली तर मज्जेतून रक्त आणि पेशी येतात व खड्डा भरतो, पण त्यात तयार होते ती बहुतांशी तंतुमय कूर्चा; ती मूळ हायलाइन कूर्चेइतकी टिकत नाही. १९९४ साली स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून घेतलेल्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवल्याचा अहवाल २३ रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध केला. हा मार्ग पुढे बराच विकसित झाला. तो तरुण रुग्णाच्या मर्यादित जखमेसाठी आहे. वयाबरोबर संपूर्ण सांध्यात पसरलेल्या आजारावर तो तोडगा नाही.

आईला झाला आहे तो हाच पसरलेला आजार, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली काळी फट, आणि फट अरुंद झाली की कूर्चा कमी झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. "वंगण सुकले" हा या आजाराविषयी आणखी एक प्रचलित समज. प्रत्यक्षात आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर कूर्चेतील पाण्याचे प्रमाण वाढते. कोलॅजनचे जाळे सैल पडते, ॲग्रेकन तुटून निसटू लागतो, आणि पुरचुंडी ढिली होऊन तिच्यात जास्त पाणी शिरते. ती मऊ पडते आणि भार पेलेनाशी होते. यात पेशींचाही हात असतो, कारण बिघडलेल्या वातावरणात त्या स्वतःच्याच सामग्रीला तोडणारी विकरे (एन्झाइम) स्रवू लागतात. म्हणून निव्वळ टायर झिजावा तशी ही झीज मानणे बरोबर नाही. दुखते तेही कूर्चेत नाही. खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतीच्या ऊती दुखतात. त्यामुळे एक्स-रेमधली फट आणि वेदना यांचे प्रमाण अनेकदा जुळत नाही, ही गोष्ट आईला सांगितल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा जरा हलका झाला.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांबद्दल मला शेजारीपाजारी नेहमी विचारतात. कूर्चेत असणारा पदार्थ पोटात घेतला म्हणजे तो कूर्चेत जाऊन बसेल, ही कल्पना आकर्षक आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र सर्व रुग्ण एकत्र धरता या गोळ्या औषधविरहित गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत. त्यावर दरमहा खर्च करण्याआधी डॉक्टरांना हे विचारावे, एवढेच मी म्हणेन.

चालण्याविषयी मात्र मी अधिक ठामपणे बोलते. भार आणि विसावा यांच्या आलटून-पालटून येण्यावर कूर्चा जगते. मज्जारज्जूला इजा होऊन पाय हलेनासे झालेल्या माणसांच्या गुडघ्यांतील कूर्चा महिनोन्महिने पातळ होत गेल्याचे एमआरआय मोजमापांत दिसले आहे. वापर थांबल्याने तेथे कूर्चा वाचत नाही. मांडीचे स्नायू बळकट असतील तर पावलागणिक बसणारा धक्का ते वाटून घेतात. वजनाचाही हिशेब सोपा आहे: गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या स्थूल व्यक्तींच्या एका अभ्यासात शरीराचे एक किलो वजन कमी झाले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो असे आढळले. उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालून फार वेळ राहणे आणि सूज असताना जिने चढणे यांत संयम हवा. सपाट जमिनीवर, दुखणे सोसेल तेवढे, रोज चालणे हे वेगळे. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईला हेच करायला लावले: खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे, भिंतीला धरून उठणे-बसणे, आणि अंगणात दहा मिनिटांपासून सुरुवात.

मी आईला "गादी" हा शब्द वापरू नकोस असे सांगितले नाही. वर्षानुवर्षे रुळलेला शब्द एका मुलीच्या सांगण्याने जात नाही. मी तिला मटकीची पुरचुंडी दाखवली. तिने ती हातात घेऊन दाबली, पुन्हा पाण्यात ठेवली, तासाभराने परत दाबली, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता अंगणात चालायला निघाली.

एक गोष्ट तिला सांगितली तेव्हा मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते, आणि त्या काळात शरीरात तयार झालेल्या ऊतींवर त्याची खूण राहिली. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या खुणेवरून गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजनचे वय काढले. ते जवळजवळ सगळे बालपणी आणि वाढीच्या वयात विणले गेलेले निघाले. प्रौढपणी त्यात फारशी भर पडलेली नव्हती, निरोगी गुडघ्यातही नाही आणि आजारी गुडघ्यातही नाही. आई आज ७४ वर्षांची आहे. म्हणजे तिच्या गुडघ्यात उरलेले जाळे त्या मुलीने विणले आहे जी डोक्यावर कळशी घेऊन जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढत होती, आणि त्यासाठी लागलेला कार्बन त्या वर्षांच्या भातातून आणि मासळीतून आला आहे. हे ऐकल्यावर तिने साडी जरा वर सारून गुडघ्यावरून हात फिरवला आणि त्या पायऱ्या किती होत्या ते आठवू लागली. आमच्या मोजणीत त्या ४२ भरल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे विहिरीकडून वर येताना शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच होती.